बोट लागणारा तांडेल

तांडेलाला बोट लागायची. बंदरावर जन्मलेला, घरात आजोबांपासूनची जाळी, बाप स्वतः मासेमारीची बोट चालवणारा, आणि हा मात्र होडी खाडीच्या मुखाबाहेर गेली की होडीच्या काठावर ओणवा. शाळा सुटल्यावर बापाने त्याला एकदा समुद्रात नेला. परत आल्यावर तो जेटीवर उताणा पडून राहिला आणि खलाशी माशांच्या टोपल्या घेऊन त्याला ओलांडून जात राहिले. बापाने पुन्हा कधी बोटीवर ये म्हटलं नाही. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकाकडे शब्द टाकला आणि पोराला तिथे चिकटवून दिला.

त्याचं खरं नाव संदीप. बोटीवर जो सुकाणू धरतो, जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी उठतात-बसतात, त्याला आमच्याकडे तांडेल म्हणतात. हे नाव त्याच्या बापाला शोभणारं होतं. मुलाला ते मिळालं मोबाइलवरच्या खेळामुळे. आमचा चौघांचा संघ होता आणि त्यात कुठे उतरायचं, कधी लपायचं, कधी निघायचं हे तो सांगायचा. आमच्यातल्या पास्कूने त्याला चेष्टेत तांडेल म्हटलं. नाव असं चिकटलं की बंदरावरचे लोकही तसंच म्हणायला लागले आणि बापाला ‘मोठो तांडेल’ व्हावं लागलं.

खेळ तेव्हा साधा होता. एका बेटावर पुष्कळ माणसं छत्रीने उतरायची. घराघरांत शिरून बंदुका शोधायच्या, एकमेकांना गाठायचं, आणि बेटाभोवतीचं वर्तुळ हळूहळू आवळत यायचं. शेवटी जो संघ जिवंत राहील तो जिंकला. समोरचे लोकही आमच्यासारखेच कुठेतरी फोन घेऊन बसलेले असायचे, कोणी भोपाळचं, कोणी गुवाहाटीचं. आम्ही बसायचो कारखान्याच्या पडवीत, कारण बंदरावर धड चालणारं इंटरनेट तिथेच होतं. आत बर्फ फोडायचं मशीन घरघरत असायचं, अमोनियाचा वास नाकात बसलेला असायचा, आणि पायाखालची फरशी कायम ओली.

मी तिथे पोचले बर्फासाठी. आईची तारकर्लीच्या रस्त्याला खानावळ होती आणि संध्याकाळी पेटीभर बर्फ आणायचं काम माझं होतं. मी तेव्हा मालवणला बी.कॉम. करत होते आणि घरी खोलीचं दार लावून हाच खेळ खेळायचे. एक दिवस पडवीत तिघंच बसलेले, त्यांचा चौथा गडी यायचा बंद झाला होता. पास्कूच्या खांद्यावरून मी त्याच्या फोनमध्ये बघत होते आणि न राहवून म्हणाले की उजव्या बाजूच्या खिडकीत माणूस आहे. खरंच होता. तांडेलाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “खेळतस?” मी हो म्हटलं. त्याने बाकावरची बर्फाची पोती बाजूला सारली आणि मला जागा करून दिली. मुलगी खेळते याचं आश्चर्य त्याने केलं नाही.

आईला कळल्यावर ती स्वतः बर्फ न्यायला आली. तांडेलाने तिला खुर्ची दिली आणि आम्ही काय करतो ते सगळं दाखवलं. ती अर्धा तास बसली, दोनदा “ह्यो मेलो तो आपलो की त्यांचो?” असं विचारलं, आणि दिवेलागणीला घरी यायचं या अटीवर गेली. समोरच्या संघातल्या पोरांना मुलीचा आवाज ऐकू आला की ती घाणेरडं बोलायची. मी माइक बंद करायला लागले. तांडेल म्हणाला, “बोलत रव, बाय. तू गप बसलस तर आमका सांगतलो कोण?” मी पुन्हा माइक चालू केला.

त्याची खेळायची रीत बघण्यासारखी होती. घरात शिरला की तो उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. इयरफोनमधून समोरच्यांच्या पावलांचे आवाज यायचे, ते तो ऐकत असायचा. लाकडी जिन्यावरचं पाऊल वेगळं, गवतावरचं वेगळं, पत्र्यावरचं वेगळं. किती माणसं आहेत, वर आहेत की भिंतीपलीकडे, धावतायत की दबकतायत, हे त्याला कळायचं. “आधी आयक, मगे धाव,” हे तो एका संध्याकाळी इतक्या वेळा म्हणायचा की पास्कू त्याच्या चालीवर ताल धरायचा. पास्कू मेंढ्यासारखा धडक मारणारा गडी. त्याला तांडेल हाताला धरून बसवून ठेवायचा आणि म्हणायचा, “जीव रवलो तर बंदूक गावतली.”

आणखी एक सवय मला फार आवडायची. आम्ही हरलो की तो कोणाची चूक काढत नसे. प्रत्येकाला एकच विचारायचा, “तुका काय दिसला?” मग एकेकाने आपण काय बघितलं ते सांगायचं. चौघांनी चार बाजूंनी सांगितल्यावर आपण का मेलो ते आपोआप समोर यायचं. आमच्यातला चौथा, ओंकार, तेव्हा नुकताच आयटीआयला लागला होता. बोटं विलक्षण चपळ, तोंड त्याहून. पण तांडेलाने विचारलं की तोही नीट आठवून सांगायचा.

कुडाळला एका मंडळाने स्पर्धा घेतली ती आम्ही याच रीतीने जिंकलो. शेवटच्या फेरीत तांडेलाने आम्हाला एका न्हाणीघरात बसवून ठेवलं. बाहेर दोन संघ एकमेकांवर तुटून पडले होते. प्रेक्षकांतली पोरं आम्हाला भित्रे म्हणून ओरडत होती. बाहेरचा गोळीबार थांबला तेव्हा तांडेलाने डोळे उघडले आणि म्हणाला, “दोघे उरलेत. एक जखमी आसा. चला.” तसंच होतं. येताना एसटीत करंडक पास्कूच्या मांडीवर होता आणि कंडक्टरने क्रिकेट का म्हणून विचारल्यावर पास्कूने बिनदिक्कत हो म्हटलं.

मग खेळ बदलायला लागला. पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. नवी बंदूक आली, नवी गाडी आली, मजा वाटली. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी नवा हंगाम यायचा आणि त्यात नवी पात्रं यायची, प्रत्येकाला वेगळी शक्ती. एकाला भिंतीपलीकडचं दिसायचं. एक जण हवेत भिंत उभी करायचा. एकाच्या पावलांचा आवाजच येत नसे. मग या शक्ती एकमेकींना जोडता यायला लागल्या, बंदुकांचे सुटे भाग आले, त्या भागांच्या पायऱ्या आल्या. एक गोष्ट शिकून हात बसतोय तोवर तिचा जोर कमी केलेला असायचा आणि दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीचा वाढवलेला. पडवीतलं बोलणं बदललं. पूर्वी आम्ही कोण कुठे आहे ते बोलायचो. आता कोणाची शक्ती परत भरायला किती वेळ आहे, कोणी कुठला जोड लावलाय, यावरच वाद चालायचे, आणि निम्मा वेळ खेळ सुरू होण्याआधीच संपायचा.

ओंकार यात पोहायला लागला. तो येता-जाता त्याचे व्हिडिओ बघायचा, झोपेतही ती नावं घ्यायचा असं त्याची आई सांगायची. पास्कू सगळ्यांत आधी गळला. तो पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचा, त्यामुळे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्याला वेळ नसे. पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर पडवीत आला, फोन उघडला आणि बघतच राहिला. अर्ध्या खुणा त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. चार दिवस त्याने प्रयत्न केला. मग म्हणाला, “घराक रंग काढा, कौलां बदला. पण दार खंय होता ता तरी थंय ठेवा.” त्यानंतर तो यायचा, पण खेळायला नाही, गप्पा मारायला. त्याच्या जागी आम्ही कधी याला, कधी त्याला घ्यायचो.

तांडेल मात्र हटला नाही. दहावीनंतर त्याने पुस्तक हातात घेतलं नव्हतं. आता तो विद्यार्थ्यासारखा बसायला लागला. नवा हंगाम आला की कंपनी इंग्रजीत लांबलचक मजकूर द्यायची. तो मी वाचायचा आणि मालवणीत सांगायचा असं ठरलं. तो बर्फाच्या लादीवर पोतं टाकून बसायचा आणि एकेक बदल माझ्याकडून दोनदा सांगून घ्यायचा. मध्येच थांबवून विचारायचा, “ह्या कोणी मागल्यान?” मला काय माहीत. बिनआवाजाच्या पावलांचं सांगितलं तेव्हा त्याने गळ्यातले इयरफोन काढून हातात घेतले. मग म्हणाला, “पाय वाजणत नाय, तर माणूस आसा ह्या समाजतला कसा?”

तो बदलत गेला ते आम्हाला उशिरा कळलं. तो चिडायला लागला. ‘तुका काय दिसला’ विचारणं बंद झालं. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचं लक्ष फोनमध्ये असायचं, उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं असायचं. सराव कमी पडतोय म्हणून तो दुपारीही खेळायला लागला. त्यातच ती बांगड्याची गोष्ट झाली. त्या दिवशी बोटी लवकर आल्या, त्यात त्याच्या बापाचीही. जाळ्याला बांगडा भरपूर लागला होता. लाद्या वर काढून फोडून ठेवायचं काम तांडेलाचं, आणि ते झालंच नव्हतं. लोक जेटीवरून हाका मारत होते आणि तो इयरफोन घालून पडवीत बसला होता. घाईघाईने बर्फ निघाला तोवर उन्हात बांगडा नरम पडला. इतरांनी तोंडाला येईल ते सुनावलं. बापाने स्वतः लोखंडी आकडा घेतला, लाद्या ओढल्या आणि मशीनपाशी उभा राहिला.

रात्री जेवताना बापाने विषय काढला, ते तांडेलाने मला नंतर सांगितलं. बापाच्या बोटीवर मासे दाखवणारं यंत्र पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्याला ते कळत नव्हतं. पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जाळं टाकणारा माणूस. त्याने रागाने ते यंत्र पोत्यात गुंडाळून फळीखाली ठेवलं होतं. मग पुढच्या वर्षी शेजारच्या पोराला बोलावून शिकून घेतलं. नवीन गोष्टीला घाबरायचं नाही आणि तिच्यासाठी वेडंही व्हायचं नाही, एवढंच बापाला म्हणायचं होतं. तांडेल त्याला म्हणाला, “तुमचा यंत्र बदलला, पण समुद्र तोच रवलो. माझो समुद्रच बदलतत, बाबा.” बापाने मुलाच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसरी मोठी स्पर्धा कणकवलीला होती, एका मंगल कार्यालयात. मोठा पडदा, बाहेर गाड्यांच्या रांगा, गोव्यापासून संघ आलेले. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो, बरंचसं ओंकारच्या जोरावर. शेवटी एका दुमजली घरात आम्ही थांबलो. तांडेलाने नेहमीप्रमाणे डोळे मिटले. ओंकार म्हणत होता की जिन्यावर आडवी भिंत टाकू. तांडेल म्हणाला, थांब, कोणी नाही. पुढच्या क्षणी तिघं जण जिन्यावरून वर आले आणि आम्ही चौघंही गेलो. त्यांनी बिनआवाजी पात्रं घेतली होती. आमच्या मागे बसलेल्या लोकांना मोठ्या पडद्यावर ते वर येताना दिसत होते. ते हसले.

ओंकारने इयरफोन टेबलावर टाकले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आता कानान कोण खेळणा नाय.”

तांडेलाने त्याचे इयरफोन उचलले, त्यांची वायर नीट गुंडाळली आणि त्याच्या खिशात घातली. येताना कसालला उतरून त्याने सगळ्यांना वडे खायला घातले. ओंकारला आणखी एक घे म्हणाला. दुसऱ्या दिवशी पडवीत त्याने सांगितलं, “आजपासून तू सांग, ओंकार. माका पाणी दिसणा नाय.” ओंकार खाली बघत राहिला. मला वाटलं तांडेल आता खेळ सोडणार. पण तो आणखी दोन महिने चौथा गडी म्हणून खेळला. ओंकार सांगेल तिथे जायचा, इतरांसाठी औषधं वाहायचा, कोणी पडलं तर उठवायचा. आपल्यापेक्षा किती तरी लहान पोराचे हुकूम त्याने एकदाही उलट न बोलता घेतले. कुडाळचा एक चांगला खेळाडू मिळतोय असं ओंकारने चाचरत सांगितलं तेव्हा तो म्हणाला, घे, आणि आत लाद्या काढायला गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मनगटावरचं फडकं दिसलं नाही.

वर्षभरात पुण्याच्या एका संघाने ओंकारला बोलावलं. खायचं-राहायचं त्यांचं, दिवसभर खेळायचं. आयटीआय अर्ध्यावर सोडून तो गेला. गावात फटाके वाजले. पहिले काही महिने स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणात तो फोनच्या पडद्यावर दिसायचा आणि पास्कू सगळ्या बंदराला बोलावून दाखवायचा. मग दिसेनासा झाला. एका सकाळी त्याने आईला नाही, बापाला नाही, तांडेलाला फोन केला की कुडाळ स्टेशनवर उतरतोय.

तांडेल बर्फाचा टेम्पो घेऊन गेला. बाय, पोरगा निम्मा झाला होता, असं तो मला म्हणाला. चहाचा कप धरताना बोटं थरथरत होती. ओंकारने एका पात्रावर कित्येक महिने मेहनत केली होती आणि त्यासाठीच त्याला संघात घेतलं होतं. नव्या हंगामात त्या पात्राची शक्तीच काढून घेतली. तो नवीन शिकायला लागला, पण शिकून होईपर्यंत पुढचा हंगाम. त्याची झोप गेली, आणि त्याच्या जागी संघाने शाळेतलं एक पोर आणलं. टेम्पोत बसल्यावर ओंकार म्हणाला, “तांडेला, मी म्हातारो झालंय.” अजून विशीत धड रुळलाही नव्हता.

तांडेलाने गाडी सुरू केली आणि म्हणाला, “बरा झाला. म्हाताऱ्यांका घराक जावक गावता.”

ओंकार आधी हसला आणि मग कसालपर्यंत रडला. तांडेलाने गाडी कुठे थांबवली नाही. घरी सोडताना एवढंच सांगितलं की उद्या सकाळी कारखान्यावर ये, माणूस कमी आहे. माणूस कमी नव्हता. पुढचे काही महिने ओंकार लाद्या ओढत होता. तांडेल त्याच्याशी खेळाबद्दल चकार शब्द बोलला नाही आणि पास्कूलाही बोलू दिला नाही. कणकवलीची गोष्ट तर त्याने कधी काढलीच नाही. थंड पाण्यात आणि जड कामात हात राहिल्यावर बोटांची थरथर गेली, की झोप यायला लागल्यामुळे गेली, ते कोणास ठाऊक. मशीन बिघडलं की ओंकार त्यात डोकं घालायला लागला. तांडेलाने त्याला पुन्हा आयटीआयला नेऊन बसवलं. आज तो तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांचे फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. खेळ त्याने अगदीच सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी तासभर खेळतो आणि हरला तर फोन बाजूला ठेवून जेवायला बसतो.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तांडेल मालवणच्या स्टँडवर आला, हातात थर्माकोलचा डबा. त्यात सुरमई होती. माझ्या घरमालकिणीला दे म्हणाला, नव्या ठिकाणी आधी शेजार बांधून घ्यावा. “बर्फ बरोबर घातलंय. पुण्याक पोचासर टिकतलो.” टिकला. त्यानंतर तो कारखाना मालकाने विकला, तिथे आता पर्यटकांची निवासस्थानं उभी आहेत. दरम्यान तांडेलाचं लग्न झालं होतं; तो बायको-मुलीसह गोव्यात एका शीतगृहात कामाला गेला. समुद्र तिथूनही जवळ आहे, पण बोटीत तो अजून बसत नाही. गणपतीला आमच्या सुट्ट्या जुळल्या तर भेट होते, नाहीतर फोन.

यंदा आमच्या कंपनीत कामाची सगळी पद्धत बदलली. एक प्रणाली आली, ती समजतेय तोवर दुसरी, मग तिच्यावर तिसरी. बैठकीत शिकवणारा माणूस भराभर पडदे बदलायचा आणि सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचे. एका रविवारी फोनवर तांडेलाने काम कसं चाललंय विचारलं आणि मी कोणालाच न बोललेलं त्याच्याशी बोलले, की मला काही कळत नाहीये आणि मी आता या कामाच्या उपयोगाची नाही बहुतेक.

त्याच्या बाजूने ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज येत होता. तो म्हणाला, “माका समजणा नाय ह्या मी कित्येक महिने कोणाक सांगूक नाय. तेच्यात बाबांचो बांगडो गेलो. तू सांग. उद्याच सांग. सांगणारो एकटो आसता, बाय, पण समजणा नाय असे खोलीभर आसतत.”

सोमवारी बैठकीत मी हात वर केला आणि म्हणाले, मला हे समजत नाहीये, पहिल्यापासून सांगाल का? शिकवणारा पुढचा पडदा आणता आणता थांबला. मग टेबलाच्या पलीकडे बसलेले, माझ्याहून किती तरी वरिष्ठ असलेले गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले, “खरं सांगायचं तर मलाही.” त्यानंतर आणखी एक. मग आणखी दोघी.

संध्याकाळी हे सांगायला मी तांडेलाला फोन केला. मी निम्म्यावर आले असेन नसेन.

“बरा केलस. आता ठेव,” तो म्हणाला. “गाडी लागली आसा, मासो वितळता.”